सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याआधी नेमकं काय बंद करायचं, आणि कशाला हात लावायचा नाही

सेटअप सुरू केला की पहिल्याच पानावर बहुधा एक ओळ असते: पुढे जाण्याआधी बाकीचे सगळे प्रोग्राम बंद करा. ती वाचायला कोणी थांबत नाही. 'नेक्स्ट' दाबून मोकळं व्हायचं. बहुतेक वेळा काही बिघडतही नाही, त्यामुळे त्या ओळीला किंमत उरलेली नाही. मग एखाद्या दिवशी सेटअप मध्येच अडतो, अमुक फाइल वापरात आहे म्हणतो. किंवा सगळं सुरळीत झाल्यासारखं दाखवतो आणि नवा प्रोग्राम उघडायला गेलं की तो लगेच मिटतो. अशा वेळी माणूस एकदम दुसऱ्या टोकाला जातो. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दिसेल ते बंद करत सुटतो. अँटिव्हायरसचीही गय करत नाही.

सगळं बंद करण्याची गरज क्वचितच पडते. सेटअपला ज्या फाइल्स बदलायच्या आहेत त्या कोणी धरून ठेवल्या आहेत, एवढंच शोधायचं असतं. ते धरून ठेवणारे प्रोग्राम बहुधा दोन-तीनच असतात, आणि पुष्कळदा त्यांची खिडकी समोर दिसतही नसते. खालची कृती विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल पुढे थोडक्यात आहे.

## फाइल अडते म्हणजे काय होतं

विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम चालू केला की त्याची मुख्य फाइल आणि त्याला लागणाऱ्या डीएलएल फाइल्स (प्रोग्राम गरजेप्रमाणे वापरतो ते तयार कोडचे तुकडे) मेमरीशी जोडल्या जातात. जोवर प्रोग्राम चालू आहे, तोवर विंडोज त्या फाइल्स पुसू देत नाही आणि त्यांच्यावर दुसरं काही लिहूही देत नाही. सेटअपला तर नेमकं तेच करायचं असतं: जुनी फाइल काढून त्या जागी नवी ठेवायची.

अशा वेळी चांगला लिहिलेला सेटअप थांबतो आणि कोणता प्रोग्राम आडवा येतो आहे ते नावानिशी सांगतो. २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये रीस्टार्ट मॅनेजर नावाची सोय आहे. तिच्या आधारे सेटअपला आडवे येणारे प्रोग्राम ओळखता येतात, बंद करता येतात आणि जमल्यास नंतर परत सुरूही करता येतात. दुसऱ्या प्रकारचा सेटअप नवी फाइल बाजूला ठेवतो, 'पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना ही अदलाबदल कर' अशी नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, करतो आणि शेवटी रीस्टार्ट मागतो. तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा. काही फाइल्स नव्या, काही जुन्याच, आणि स्क्रीनवर मात्र 'यशस्वी' असा शेरा.

जुन्या काळी ही सूचना अक्षरशः पाळावी लागे. विंडोज ९५ च्या सुमारास अनेक प्रोग्राम आपल्या डीएलएल फाइल्स विंडोजच्या सामाईक सिस्टीम फोल्डरमध्ये टाकत. एकाच फाइलवर चार प्रोग्राम विसंबलेले असायचे, त्यामुळे कोणता चालू प्रोग्राम कोणत्या सेटअपला आडवा येईल याचा नेम नसे. आता बरेच प्रोग्राम आपल्या फाइल्स आपल्याच फोल्डरमध्ये ठेवतात. तुम्ही फोटो एडिटर इन्स्टॉल करताना मागे गाणी वाजत असतील तर खुशाल वाजू द्या. क्रोमसारखे ब्राउझर तर आपली नवी आवृत्ती वेगळ्याच फोल्डरमध्ये उतरवतात आणि तुम्ही ब्राउझर पुन्हा उघडाल तेव्हा तिच्यावर जातात. म्हणून ते चालू असतानाही अपडेट होऊ शकतात.

## आधी ठरवा: या सेटअपला कोण आडवं येईल

टास्क मॅनेजर उघडण्याआधी मिनिटभर विचार करा. त्या एका मिनिटात निम्मं काम होतं.

पहिला संशयित त्याच सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती. तुम्ही अपडेट किंवा री-इन्स्टॉल करत असाल तर तो प्रोग्राम, त्याचा अपडेटर, घड्याळाशेजारचं त्याचं चिन्ह आणि त्याची सर्व्हिस (खिडकी न दाखवता मागे चालणारा त्याचा भाग), हे सगळं एकाच कुटुंबातलं. यातला एकजण जरी जागा राहिला तरी फाइल अडते.

दुसरा, नवं सॉफ्टवेअर ज्याच्यात जाऊन बसणार आहे तो प्रोग्राम. पीडीएफ सॉफ्टवेअर वर्डमध्ये आणि आउटलुकमध्ये आपलं बटण टाकतं, पासवर्ड मॅनेजर ब्राउझरमध्ये शिरतो, ऑडिओचं प्लगइन रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर तर जिथे जिथे अक्षरं टाइप होतात अशा प्रत्येक चालू प्रोग्रामशी संबंध जोडतं. ते बदलताना खरोखरच शक्य तेवढं बंद केलेलं बरं.

तिसरा, त्याच वेळी चालू असलेलं दुसरं इन्स्टॉलेशन. यात विंडोज अपडेटही आलं.

चौथ्या गटातले प्रोग्राम फाइल अडवत नाहीत, पण डिस्क आणि मेमरी खातात: टॉरेंट, क्लाउड सिंक, व्हिडिओ रेंडरिंग, मोठे गेम. सेटअप आधी आपला सगळा ऐवज टेम्प (तात्पुरत्या फाइल्सच्या) फोल्डरमध्ये सोडवतो आणि मग जागेवर नेतो, त्यामुळे डिस्कवर ताण येतोच. जुनी हार्ड डिस्क असेल तर हा गट बंद करण्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. एसएसडी असेल तर फारसा नाही.

## आता कृती

काम सेव्ह करा, चार्जर लावा. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही. फक्त एक: ब्राउझरमध्ये अर्धवट भरलेला फॉर्म हेसुद्धा सेव्ह न केलेलं काम असतं.

खिडक्या रीतसर बंद करा. प्रत्येक प्रोग्राम त्याच्या मेनूतल्या 'एक्झिट' किंवा 'क्विट'ने बंद करा, नसेल तर ऑल्ट आणि एफ४ दाबा. रीतसर बंद करताना प्रोग्रामला आपली आवराआवर करायला वेळ मिळतो: फाइल लिहून पूर्ण करणं, तात्पुरत्या फाइल्स पुसणं, 'सेव्ह करायचं का' असं विचारणं. टास्क मॅनेजरमधून मारलेल्या प्रोग्रामला यातलं काहीच करता येत नाही. म्हणून टास्क मॅनेजर हा पहिला उपाय नाही.

घड्याळाशेजारी बघा. सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. कोपऱ्यातली फुली दाबली की बरेच प्रोग्राम बंद होत नाहीत, फक्त नजरेआड होतात. चॅटची ॲप्स, व्हिडिओ कॉलची ॲप्स, गेमचे लाँचर, क्लाउड ड्राइव्ह, प्रिंटरची मदतनीस सॉफ्टवेअर, डाउनलोड मॅनेजर, सगळ्यांना ही खोड आहे. टास्कबारच्या उजव्या टोकाला वरच्या दिशेचा छोटा बाण असतो, तो दाबला की लपलेली चिन्हं दिसतात. एकेकावर राइट क्लिक करा आणि 'एक्झिट' किंवा 'क्विट' निवडा. काहींमध्ये हा पर्याय आतल्या मेनूत, सेटिंगच्या चाकाखाली दडवलेला असतो. प्रोग्राम बनवणाऱ्यांना तो सहज सापडू नये असंच वाटत असावं, अशी शंका घ्यायला जागा आहे.

इथे सरसकट झाडू फिरवू नका. आवाज, ब्लूटूथ, टचपॅड आणि अँटिव्हायरस यांची चिन्हं तशीच राहू द्या.

ब्राउझर खरोखर बंद झाला का ते तपासा. क्रोम आणि एज दोघांनाही खिडकी बंद केल्यावर मागे चालू राहण्याची मुभा असते. क्रोममध्ये 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम' इथे गेलात की ब्राउझर बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवण्याचं बटण दिसेल. एजमध्ये 'सिस्टीम अँड परफॉर्मन्स' या भागात तसंच बटण आहे आणि सोबत 'स्टार्टअप बूस्ट' आहे. त्यामुळे एज तुम्ही उघडण्याआधीच अर्धवट जागा असतो. ब्राउझरशी संबंधित काही इन्स्टॉल करायचं असेल तर ही बटणं बंद करून ब्राउझर मिटा. संबंध नसेल तर ब्राउझर उघडा राहिला तरी चालतो. इन्स्टॉलेशनच्या सूचना तुम्ही त्यातच तर वाचत असता.

सिंक थोडा वेळ थांबवा. वनड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करून सेटिंगमधून 'पॉज सिंकिंग' निवडलं की २, ८ किंवा २४ तासांचा पर्याय मिळतो. २ तास पुरतात. एखादा प्रोग्राम आपल्या फाइल्स 'डॉक्युमेंट्स' फोल्डरमध्ये ठेवत असेल आणि तोच फोल्डर क्लाउडला जोडलेला असेल, तर सेटअप लिहीत असतानाच सिंक त्या फाइल्स उचलायला धावतं. ही खेचाखेच टाळलेली बरी.

## टास्क मॅनेजर: काय बघायचं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. छोटीशी यादी दिसली तर 'मोअर डीटेल्स' दाबा. 'प्रोसेसेस' (चालू प्रोग्राम आणि त्यांचे भाग) या पानावर वर 'ॲप्स' आणि खाली 'बॅकग्राउंड प्रोसेसेस' असे गट दिसतात. आणखी खाली विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेसेस.

यादी लांबलचक असते आणि बघून छाती दडपते. पण तुम्हाला ती सगळी वाचायची नाही. मघाशी ठरवलेल्या संशयितांचीच नावं शोधायची आहेत. नावाच्या रकान्यावर क्लिक केलं तर क्रमवारी लागते. नव्या विंडोज ११ मध्ये वर शोधायची जागाही आहे. एकाच ब्राउझरच्या दहा-पंधरा नोंदी दिसल्या तर घाबरायचं कारण नाही. प्रत्येक टॅब आणि एक्स्टेंशनसाठी वेगळी प्रोसेस ठेवायची त्यांची पद्धतच आहे.

नाव ओळखीचं नसेल तर त्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे बघितलं की मालक कळतो. 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये एखाद्या कंपनीच्या फोल्डरात असेल तर ती त्या कंपनीची. 'विंडोज' फोल्डरच्या 'सिस्टीम३२' मध्ये असेल तर हात आखडता घ्या.

मालक कळला, संशयितांपैकीच निघाला, आणि रीतसर बंद होत नाही असं दिसलं, की मगच 'एंड टास्क'. तोच प्रोग्राम दोन सेकंदांत यादीत परत उगवला तर त्याच्या मागे एखादी सर्व्हिस आहे जी त्याला पुन्हा उठवते. मग स्टार्ट मेनूत 'सर्व्हिसेस' असं शोधून ती खिडकी उघडा, त्या सॉफ्टवेअरच्या नावाची सर्व्हिस निवडा आणि 'स्टॉप' दाबा. 'स्टार्टअप टाइप' मात्र बदलू नका. फक्त थांबवलेली सर्व्हिस रीस्टार्टनंतर आपोआप पूर्ववत होते. डिसेबल केलेली तुम्ही विसरता, आणि महिन्याभराने प्रिंटर का चालत नाही याचा शोध घेत बसता.

एक जागा जवळपास प्रत्येकजण विसरतो: 'युजर्स' हे पान. घरात किंवा ऑफिसात एकच कॉम्प्युटर दोघे-तिघे वापरत असतील आणि कोणी 'साइन आउट' न करता नुसतं युजर बदललं असेल, तर त्यांचे प्रोग्राम मागे चालूच असतात. तुमच्या स्क्रीनवर तोच प्रोग्राम बंद, त्यांच्या खात्यात उघडा, आणि सेटअप म्हणतो की फाइल वापरात आहे. टास्क मॅनेजरमधून दुसऱ्याला परस्पर साइन आउट करता येतं, पण त्यांचं न सेव्ह केलेलं काम जाईल. त्यांनाच बोलावून करायला लावा.

## यांना हात लावू नका

'क्लायंट सर्व्हर रनटाइम प्रोसेस', 'विंडोज लॉगऑन ॲप्लिकेशन', 'लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी प्रोसेस', 'सर्व्हिस होस्ट' आणि 'सिस्टीम' या नावांच्या नोंदी विंडोजचा कणा आहेत. यातल्या काही बंद करायला विंडोज मुळात नकारच देतं. काहींवर बळजबरी केली तर निळी स्क्रीन येते किंवा कॉम्प्युटर स्वतःच रीस्टार्ट होतो. 'डेस्कटॉप विंडो मॅनेजर' मारला तर स्क्रीन क्षणभर काळी होऊन तो परत येतो, म्हणजे हाती काहीच लागत नाही.

'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' प्रोसेसर खात असेल तर विंडोजचं अपडेट चालू आहे असं समजा. त्याला मधेच तोडणं म्हणजे नव्या सॉफ्टवेअरच्या नादात विंडोजच अर्धवट करून ठेवणं. चहापाणी करून या. तोवर ते आटोपतं.

एकच अपवाद आहे, 'विंडोज एक्सप्लोरर'. फोल्डरच्या खिडक्या आणि टास्कबार यातूनच चालतात. पण अनेक सॉफ्टवेअर राइट क्लिकच्या मेनूत आपली ओळ टाकतात किंवा फाइलच्या चिन्हावर हिरवी टिकली लावतात, आणि त्यासाठी त्यांची डीएलएल एक्सप्लोररच्या पोटात जाऊन बसते. झिप फाइल्सचे प्रोग्राम आणि क्लाउड ड्राइव्ह यांचं हे नेहमीचं. त्यामुळे त्यांची नवी आवृत्ती टाकताना प्रोग्राम बंद असूनही फाइल अडते, आणि अडवणारा असतो एक्सप्लोरर. टास्क मॅनेजरमध्ये त्यावर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' निवडा. टास्कबार क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. उघड्या फोल्डरच्या खिडक्या मिटतात, आणि एखादी मोठी फाइल कॉपी होत असेल तर ती तुटते, एवढं आधी बघा.

## अडवणारा सापडतच नसेल तर

सेटअपच्या निरोपात बहुधा फाइलचं नाव असतं. ते लिहून घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावरच चालतो.

विंडोजमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' आधीपासूनच असतो. स्टार्ट मेनूत नावाने शोधा. त्यातल्या 'सीपीयू' पानावर 'असोसिएटेड हँडल्स' नावाची पट्टी आहे (हँडल म्हणजे प्रोग्रामने उघडून धरलेल्या फाइलवरची त्याची पकड). तिच्यातल्या शोधाच्या जागेत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. ती फाइल कोणत्या प्रोसेसने उघडून ठेवली आहे ते खाली दिसतं. साध्या फाइल्ससाठी एवढं पुरतं.

अडलेली फाइल डीएलएल असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स या साधनांच्या संचातला 'प्रोसेस एक्सप्लोरर' जास्त कामाचा. मोफत आहे, आणि झिप सोडवून थेट चालवता येतो. इन्स्टॉल करावा लागत नाही. तो 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, 'फाइंड' मेनूतून हँडल किंवा डीएलएल शोधायचा पर्याय घ्या आणि नाव टाका. उत्तर म्हणून एखाद्या भलत्याच प्रोग्रामचं नाव येऊ शकतं, ज्याचा या सेटअपशी काही संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. तोच रीतसर बंद करायचा आणि सेटअपमध्ये 'रीट्राय' दाबायचं.

निरोपात फाइलचं नाव नसून आकडा असेल तर दोन आकडे ओळखून ठेवा. १६१८ म्हणजे दुसरं एक इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे. विंडोज इन्स्टॉलर एका वेळी एकच काम करतो. काहीही बंद करू नका, आधीचं संपू द्या. विंडोज इन्स्टॉलरची प्रोसेस काम झाल्यावरही काही मिनिटं यादीत रेंगाळते, त्यामुळे ती दिसते म्हणून काही चालूच आहे असं नाही. पण चालू कामात ती मारली तर मागे अर्धवट नोंदी राहतात आणि मग ते सॉफ्टवेअर ना नीट निघतं ना नीट बसतं. दुसरा आकडा ३०१०. तो बघून लोक घाबरतात, पण तो अपयशाचा नाहीच. इन्स्टॉल झालं, आता रीस्टार्ट करा, एवढाच त्याचा अर्थ.

## रीस्टार्ट आणि शटडाउन एकच नाही

वरचा सगळा खटाटोप करायचा नसेल तर माझं मत सरळ आहे: स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम तात्पुरते बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, दुसरं काही उघडण्याआधी सेटअप चालवा. एकेक प्रोसेस वेचत बसण्यापेक्षा हे लवकर होतं, आणि आधीच्या कुठल्या सेटअपने ठेवलेल्या फाइल्सच्या अदलाबदलीही या निमित्ताने पार पडतात.

यात मेख अशी की 'शटडाउन' करून पुन्हा चालू केलं तर तोच परिणाम होईल असं नाही. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शटडाउन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर्स यांची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. 'रीस्टार्ट' मात्र सगळं नव्याने सुरू करतं. त्यामुळे सेटअपने 'रीस्टार्ट करा' म्हटलं की रीस्टार्टच करा. रात्री बंद करून सकाळी चालू करीन म्हणू नका. बंदच करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शटडाउन' निवडा, म्हणजे तो पूर्ण बंद होतो.

स्टार्टअपची यादी टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप ॲप्स' (विंडोज १० मध्ये नुसतं 'स्टार्टअप') या पानावर आहे. नको त्या नोंदीवर राइट क्लिक करून 'डिसेबल'. कोणत्या नोंदी बंद केल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. शिवाय 'सेटिंग्ज'मध्ये 'अकाउंट्स', मग 'साइन-इन ऑप्शन्स' इथे एक बटण असतं, जे साइन इन केल्यावर मघाची उघडी ॲप्स परत उघडतं. स्टार्टअप रिकामं करूनही ब्राउझर आपणहून उगवत असेल तर हे बटण बघा.

एवढं करूनही सेटअप अडत असेल तर 'क्लीन बूट', म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस बंद ठेवून विंडोज सुरू करणं. स्टार्ट मेनूत 'सिस्टीम कॉन्फिगरेशन' शोधा, 'सर्व्हिसेस' पानावर आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' यावर टिक करा, आणि ती टिक लागली आहे याची खात्री झाल्यावरच 'डिसेबल ऑल'. क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद पडतात. रीस्टार्ट करा, इन्स्टॉल करा, मग तिथेच 'नॉर्मल स्टार्टअप' निवडून पुन्हा रीस्टार्ट. काहीजण यासाठी सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी जरुरीपुरत्या गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये, जातात, पण तिथे विंडोज इन्स्टॉलरची सर्व्हिसच साधारणपणे चालत नाही, त्यामुळे बरेच सेटअप सुरूही होत नाहीत. सेफ मोड दुरुस्तीसाठी आहे.

## अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं तर

असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो, आणि मी तो पहिल्या फटक्यात कधीच मानणार नाही. अनोळखी फाइलला तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार देता तो क्षण म्हणजे इन्स्टॉलेशन. पहारा नेमका त्याच वेळी उठवायचा? क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या सूचनांत 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही ओळ ठरलेली असते, ती उगाच नाही.

अँटिव्हायरसने फाइल अडवली तर आधी ती कुठून आणली ते बघा. निर्मात्याच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नसेल तर तिथून पुन्हा डाउनलोड करा. मग फाइलवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' हे पान. तिथे त्या कंपनीचं नाव असेल आणि तपशिलात सही वैध असल्याचं दिसत असेल, तर फाइल वाटेत बदललेली नाही. काही प्रामाणिक छोट्या सॉफ्टवेअरवर सही नसतेही. अशा वेळी निर्णय तुमचा, पण घाईने घेऊ नका. सगळं पटल्यावरही अडचण असेलच, तर अख्खा अँटिव्हायरस बंद करण्यापेक्षा त्या एका फाइलपुरती सूट द्या आणि काम झाल्यावर ती काढून घ्या. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडरचं 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' बंद केलं तर ते काही वेळाने आपोआप परत चालू होतं. इतर कंपन्यांच्या अँटिव्हायरसमध्ये किती वेळासाठी ते विचारतात, तिथे सगळ्यात कमी वेळ निवडा.

## सेटअपनेच विचारलं तर

बऱ्याच सेटअपमध्ये आडव्या येणाऱ्या प्रोग्रामांची यादी येते आणि खाली दोन पर्याय असतात: आपोआप बंद करून नंतर परत सुरू करू, किंवा बंद करत नाही पण रीस्टार्ट लागू शकतो. यादी वाचा. त्यात वर्ड किंवा एक्सेल असेल तर आधी हाताने सेव्ह करून बंद करा आणि मग पहिला पर्याय घ्या. मागे चालणारे अपडेटर असतील तर थेट पहिला पर्याय. यादीतल्या कशात तुमचं चालू काम असेल, ते थांबवता येत नसेल, तर दुसरा घ्या, पण मग रीस्टार्ट होईपर्यंत नवा प्रोग्राम उघडू नका.

ग्राफिक्स ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काळी होते, लुकलुकते, हे ठरलेलंच. गेम आणि व्हिडिओ आधी बंद ठेवा आणि स्क्रीन गेली म्हणून पॉवरचं बटण दाबू नका. प्रिंटरच्या बाबतीत उलटी काळजी: बऱ्याच प्रिंटरांच्या सेटअपला यूएसबीची वायर तो सांगेल तेव्हाच लावलेली हवी असते.

## मॅक आणि लिनक्स

मॅकवर लाल टिकली दाबली की खिडकी मिटते, प्रोग्राम सहसा मिटत नाही. डॉकमध्ये चिन्हाखाली ठिपका असेल तर तो चालू आहे. कमांड आणि क्यू दाबून बंद करा. अडेलच तर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. नवी आवृत्ती 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरवर ओढून टाकताना जुनं ॲप उघडं असेल तर मॅक ते बदलू देत नाही आणि तसं सांगतो. वरच्या मेनूबारमधली छोटी चिन्हंही बघा. साइन इन होताना सुरू होणाऱ्या गोष्टी २०२२ च्या व्हेंचुरापासून 'सिस्टीम सेटिंग्ज'मध्ये 'जनरल', मग 'लॉगिन आयटम्स' इथे मिळतात. बारकाईने बघायला 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' आहे. तिथे 'विंडोसर्व्हर' (स्क्रीनवरचं सगळं दाखवणारी मॅकची प्रोसेस) मारू नका, लगेच साइन आउट व्हाल.

लिनक्सची तऱ्हा वेगळी. तिथे चालू प्रोग्रामची फाइल काढून नवी ठेवता येते. जुना प्रोग्राम बंद होईपर्यंत जुनीच प्रत वापरत राहतो. म्हणून काही बंद न करता अपडेट होतं, पण नवी आवृत्ती हवी तर तो प्रोग्राम पुन्हा उघडावा लागतो. उबुंटूवर अडचण येते ती कुलपाची, म्हणजे एका वेळी एकानेच इन्स्टॉल करावं म्हणून लागणाऱ्या कुलपाची. मागे आपोआप होणारं अपडेट चालू असेल तर एपीटी (सॉफ्टवेअर बसवणारं उबुंटूचं साधन) सांगतं की कुलूप मिळत नाही. ती कुलपाची फाइल पुसून टाका, असे सल्ले सापडतील. पुसू नका. कुलूप कोणी लावलं आहे तेही बहुधा त्याच ओळीत लिहिलेलं असतं. त्याचं काम संपू द्या आणि मग आपलं चालवा.

## इन्स्टॉल झाल्यावर

रीस्टार्ट मागितला असेल तर करा. नवा प्रोग्राम एकदा उघडून बघा, आणि तो चालतो याची खात्री झाल्यावरच बाकीचं पूर्ववत करा: स्टार्टअपच्या नोंदी फोटोत बघून परत 'एनेबल', थांबवलेलं सिंक चालू, क्लीन बूट केलं असेल तर 'नॉर्मल स्टार्टअप', अँटिव्हायरसमधली सूट रद्द.

नोंदी परत लावताना 'स्टार्टअप ॲप्स'ची अख्खी यादी वाचा. आता इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरने आपला अपडेटर किंवा लाँचर तिथे न विचारता घुसवलेला असण्याची शक्यता बरीच असते. रोज लागणारं असेल तर राहू द्या. एरवी तो लगेच डिसेबल करा. तसं केल्याने मूळ प्रोग्राम उघडायला सहसा काही अडत नाही.